मापापुरता माणूस

तिसऱ्या खांबापाशी उभा राहा, तो म्हणाला.
म्हणजे म्हणाला नाहीच, त्याला आमची बोली येत नव्हती.
ब्रशच्या दांड्याने त्याने खांब दाखवला, मग मला,
मग पुन्हा खांब.
दुभाष्या एलिजिओ हसला: "साबातो, तुझं त्याला काही काम नाही.
तू किती लहान आहेस, तेवढंच हवंय."

दिवसाला दोन कार्लिनो.
दलदलीत म्हशींमागे कंबरभर चिखल तुडवून
आठवड्याला जेमतेम तेवढे सुटायचे.
मी उभा राहिलो.

नऊ दिवस.
चौथ्या दिवशी हिवताप भरला.
पाठ टेकली तर दगड भाकरीसारखा ऊन,
आणि भोकाभोकांचा, भोकांत कावळ्यांनी काटक्या कोंबलेल्या.
माझे दात वाजत होते.
तो बोट नाचवायचा: हलू नको.
ताप हलतोय, मी नाही,
असं मी एलिजिओला सांगायला सांगितलं.
त्याने सांगितलं की नाही, कोण जाणे.

माझी आई याला देऊळ कधी म्हणाली नाही.
ती म्हणायची "ते".
त्यांच्या सावलीत म्हशी बसव.
त्यांच्याजवळ रात्री थांबू नको, तिथली हवा वाईट.
उत्तरेकडून येणाऱ्या या लोकांना मात्र
आतल्या देवाचं नावही ठाऊक असतं,
दर खेपेला नवं.
एकदा समुद्राचा देव, एकदा कुणी देवी,
एकदा तर म्हणे देऊळच नव्हतं, कचेरी होती.
म्हशींनी प्रत्येक वेळी तिथेच शेण टाकलं.

नवव्या दिवशी उन्हं कलताना त्याने मला जवळ बोलावलं.
पेटीच्या झाकणात टाचलेला कागद,
माझ्या दोन पंजांएवढा.
खांब होते.
डोंगर होता, आहे त्यापेक्षा अलीकडे ओढलेला.
म्हशी होत्या, कोन्तेस्सा तिच्या मोडक्या शिंगासकट.
आणि मी होतो, जवाच्या दाण्याएवढा,
त्या दुपारीच रंगवलेला, अजून ओला,
अंगात लाल बंडी.
माझ्याकडे लाल बंडी नाही.
मला ती फार आवडली.

त्याने मान तिरकी केली, डोळे बारीक केले.
टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून करंगळीला गुंडाळली
आणि मला पुसलं.

दुखलं वगैरे नाही, उगाच कशाला सांगू.
एलिजिओ म्हणाला, माणूस नसला की दगड जास्त जुने दिसतात.
असेल.
पण सावली राहिली.
एका पायरीवरून दुसरीवर मोडून पडलेली, निळसर.
चिंधी तिच्यापर्यंत आली, थांबली, मागे गेली.
तो निळा त्याला साधला होता बहुतेक.

घरी नुन्झियाताला विचारलं, पैसे परत द्यायचे का?
मी आता त्यात नाहीये.
ती म्हणाली, उभा होतास ना?
मग मीठ आण. आणि कढईला बूड बसवून आण.

त्याला आता एकवीस वर्षं झाली.
कागदावरून त्याने मोठं चित्र केलं, एलिजिओ सांगायचा,
कुठल्याशा बर्फाच्या गावात, सोनेरी चौकटीत,
जिथे हिवाळ्यात दिवस नीट उजाडतसुद्धा नाही,
तिथे भिंतीवर आमची संध्याकाळ टांगलेली.
लोक तिच्यापुढे आवाज खाली करून बोलतात म्हणे.

मला एवढंच सुचतं:
त्या म्हशींना घरी कोण आणतं?
सहा म्हशी, उन्हं उतरलेली, जवळ माणूस नाही,
खाली दलदल.
शहाण्या आहेत, पण इतक्या नाहीत.

आमच्याकडे म्हशीला नावाने हाक मारतात, एकेकीला,
ज्या सुरात शिकवली त्याच सुरात.
मी अंधार पडायच्या आत तिसऱ्या खांबापाशी जातो
आणि आत्ताच्या सगळ्यांना हाका मारून झाल्या
की त्या सहांनाही मारतो.
कोन्तेस्साला दोनदा.
तिला पहिल्यापासून एका कानाने कमी ऐकू यायचं.